पित्ताची गांध आणि मास्ट पेशी : एका निदानाची हकीकत

वाचकहो, अंगावर पित्त उठणं हा प्रकार आपल्या घरांना काही नवा नाही. काहीतरी बाधतं, अंगाला खाज सुटते, आणि बघता बघता गांधी उठतात. घरातली वडील माणसं आमसुलाचं पाणी अंगाला लावतात, डॉक्टर एखादी गोळी देतात, आणि चार-सहा तासांत, फार तर दुसऱ्या दिवशी, सारं पूर्ववत होतं. गांध जिरते आणि कातडीवर तिची खूणसुद्धा राहत नाही. साध्या पित्ताची ओळख हीच.

पण समजा, गांध जिरली आणि तिच्या जागी मुगाएवढा तपकिरी डाग राहिला. महिने लोटले तरी तो गेला नाही. आणि त्या डागावर बोट घासलं की तिथंच पुन्हा गांध उठू लागली, तर? मग मात्र हे नेहमीचं पित्त नव्हे. आज ज्या आजाराची हकीकत सांगायची आहे, ती या डागापासूनच सुरू होते. वैद्यकात त्याला मॅस्टोसायटोसिस म्हणतात. आपल्या शरीराच्या रक्षणाचं काम करणाऱ्या अनेक पेशींपैकी एक म्हणजे मास्ट पेशी. या पेशींची शरीरात वाजवीपेक्षा फाजील वाढ झाली आणि त्या नको तेव्हा चवताळू लागल्या, म्हणजे हा आजार होतो.

आजार दुर्मिळ आहे. युरोपात झालेल्या पाहण्यांवरून साधारण दहा हजार माणसांत एक, असा त्याचा अंदाज निघतो. दुर्मिळ आजाराची पंचाईत अशी की, गावातल्या डॉक्टरला तो आयुष्यात एखादवेळीच भेटतो, आणि भेटला तरी तो आपलं नाव सांगत नाही. कुणाला वरचेवर पोटात कळ येऊन जुलाब होतात, कुणाचा चेहरा एकाएकी लालबुंद होऊन छाती धडधडते, कुणाला गांधीलमाशी चावली की तो जागच्या जागी कोसळतो. रोगी चार ठिकाणी चार डॉक्टरांना दाखवतो. एक म्हणतो आतड्याचा दोष, दुसरा म्हणतो ॲलर्जी, तिसरा म्हणतो, तुम्ही फार काळजी करता. प्रत्येकाच्या हातात एकेक तुकडा असतो. हे तुकडे जोडायला वैद्यकशास्त्राला शंभराहून अधिक वर्षं लागली. ती कशी लागली हे पाहिलं, म्हणजे आजही निदान कुठं अडतं हे उमजतं.

सन १८६९. लंडनमधल्या एडवर्ड नेटलशिप आणि वॉरन टे या दोन डॉक्टरांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये पित्ताच्या दुर्मिळ प्रकारांविषयी लिहिलं. त्यांत एक दोन वर्षांची मुलगी होती. तिच्या अंगावर खाजणाऱ्या गांधी उठत आणि मागे तपकिरी डाग ठेवून जात. मौज अशी की, हे दोघेही डॉक्टर पुढे गाजले ते डोळ्यांच्या विकारांवरील कामामुळं. टे यांचं नाव तर लहान मुलांच्या मेंदूच्या एका दारुण आजाराला जोडलेलं आहे. पण या मुलीच्या बाबतीत त्यांनी एक साधी गोष्ट केली. ‘पित्त आहे, जाईल’ असं म्हणून ते मोकळे झाले नाहीत. पित्ताचा डाग राहत नाही, इथं राहतो. एवढा फरक त्यांनी टिपून ठेवला. नऊ वर्षांनी, १८७८ साली, आल्फ्रेड सँगस्टर यांनी या विकाराला ‘अर्टिकेरिया पिगमेंटोझा’ असं नाव दिलं. अर्थ सरळ आहे : रंगाचा डाग ठेवणारं पित्त. आजाराला नाव मिळालं. कारण मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं.

त्याच १८७८ सालात, लंडनपासून दूर जर्मनीत लाइप्झिगच्या विद्यापीठात, चोवीस वर्षांचा एक विद्यार्थी आपला प्रबंध सादर करीत होता. त्याचं नाव पाउल एर्लिख. पुढे १९०८ साली नोबेल पारितोषिक मिळवणारे आणि उपदंशावर साल्व्हर्सान हे औषध शोधणारे एर्लिख ते हेच. त्या वेळी मात्र त्यांना वेड होतं रंगांचं. १८५६ साली इंग्लंडात विल्यम पर्किन नावाचा अठरा वर्षांचा मुलगा प्रयोगशाळेत क्विनीन करायला गेला आणि क्विनीनऐवजी त्याला जांभळा रंग मिळाला. तेव्हापासून दगडी कोळशाच्या डांबरापासून नाना तऱ्हेचे रंग निघू लागले. ते निघाले कापडासाठी; पण एर्लिख यांचे आईकडचे नातलग कार्ल वायगर्ट यांच्यासारख्या संशोधकांनी ते शरीराच्या पातळ कापांवर घालून पाहिले. सूक्ष्मदर्शकाखाली जे सारं फिकट एकसारखं दिसे, त्यात रंगामुळं भेद दिसू लागले.

एर्लिख यांना अशा कापांत एक चमत्कारिक पेशी दिसली. ती दाण्यांनी खच्चून भरलेली होती. एवढंच नव्हे, हे दाणे दिलेला रंग जसाच्या तसा घेत नसत. त्याची छटाच पालटून टाकीत. निळा रंग द्यावा, तर आजूबाजूचं सारं निळं व्हावं आणि या पेशीतले दाणे तेवढे जांभळट-तांबडे दिसावेत. एर्लिख यांना वाटलं, हे दाणे म्हणजे खाऊन साठवलेलं अन्न असणार. जनावराला खाऊपिऊ घालून पुष्ट करण्याला जर्मन भाषेत ‘मास्ट’ असा शब्द आहे. त्यावरून त्यांनी नाव ठेवलं मास्टझेल; पोसलेली पेशी. तर्क चुकला, नाव मात्र टिकलं. दाणे अन्नाचे नाहीत. पेशीनं स्वतः तयार करून भरून ठेवलेली ती द्रव्यं आहेत. घर गच्च भरलेलं आहे हे एर्लिख यांनी अचूक पाहिलं. घरात धान्य नसून दारूगोळा आहे, हे कळायला पुढची पाऊणशे वर्षं जायची होती.

आता पाहा, एकाच वर्षी आजाराला नाव मिळालं आणि पेशीला नाव मिळालं, पण या दोघांची एकमेकांशी ओळख नव्हती. ती करून दिली हँबर्गच्या पाउल गेर्सन उन्ना या त्वचारोगतज्ज्ञांनी, १८८७ साली. त्यांनी या तपकिरी डागांचे काप घेतले, एर्लिख यांच्या पद्धतीनं रंगवले, आणि पाहतात तो डागामध्ये मास्ट पेशींची दाटी! निरोगी कातडीत त्या विखुरलेल्या असतात. इथं त्यांचे थवेच्या थवे होते. ही गोष्ट नीट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. तोच डाग, तोच काप, तेच सूक्ष्मदर्शक. पण नेहमीच्या रंगात ही पेशी सहज इतर पेशींत मिसळून जाते. योग्य तो रंग घालून ‘तू इथं आहेस काय?’ असं विचारलं, तरच ती ओ देते. या आजाराच्या साऱ्या इतिहासात हेच पुन्हा पुन्हा घडत आलेलं आहे.

पुढे फ्रान्समध्ये झां दारिए यांनी सूक्ष्मदर्शकाविनाच करता येईल अशी एक परीक्षा सांगितली. डागावर बोट किंवा एखादी बोथट वस्तू काही वेळा घासायची. पाच मिनिटांच्या आत तो डाग फुगला, तांबूस झाला, खाजू लागला, की समजावं हा त्यातलाच. याला आजही ‘दारिएची खूण’ असंच म्हणतात. घासल्यामुळं मास्ट पेशी बिथरतात आणि आपल्या जवळचे दाणे बाहेर फेकतात, म्हणून ती गांध उठते. सावळ्या कातडीवर लाली चटकन नजरेत येत नाही, तिथं फुगवटा बोटानं चाचपावा लागतो. आणखी एक सावधगिरी : लहान मुलाच्या अंगावर एकच मोठी गाठ असेल, तर ती घरच्या घरी चोळून पाहू नये. एकदम पुष्कळ द्रव्य रक्तात उतरून मूल लाल होतं, त्याचा रक्तदाब उतरू शकतो. ही परीक्षा डॉक्टरांच्याच हातची.

इथवर सर्वांचा समज असा की हा कातडीचा आजार आहे. १९३६ साली फ्रान्सचे आल्बेर सेझारी यांनी ‘मॅस्टोसायटोसिस’ हे नाव सुचवलं, त्यामुळं डागाऐवजी पेशीवर बोट ठेवलं गेलं. आणि १९४९ साली एलिस नावाच्या डॉक्टरांनी या आजारानं दगावलेल्या एका वर्षाच्या बालकाच्या शवाची तपासणी प्रसिद्ध केली. कातडी तर होतीच, पण यकृत, प्लीहा, लसिका ग्रंथी, हाडांतली मज्जा, जिथं पाहावं तिथं मास्ट पेशी पसरलेल्या होत्या. डाग हे नुसतं दारावरचं चिन्ह होतं. बिऱ्हाड आत होतं.

पण या पेशी आत राहून करतात तरी काय? याचं उत्तर दुसऱ्याच वाटेनं येत होतं. १९०२ साली शार्ल रिशे आणि पोल पोर्तिए या फ्रेंच शास्त्रज्ञांनी कुत्र्यांना एका सागरी प्राण्याचं विष अल्प प्रमाणात टोचलं. पहिल्या खेपेला काही झालं नाही. काही आठवड्यांनी त्याहूनही थोडं टोचलं, आणि कुत्री काही मिनिटांत धापा टाकीत मेली. रक्षणासाठी असलेली शरीराची यंत्रणाच शरीरावर उलटली होती. या प्रकाराला त्यांनी ॲनाफिलॅक्सिस हे नाव दिलं, आणि रिशे यांना १९१३ साली त्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळालं. १९१०च्या सुमारास इंग्लंडात हेन्री डेल आणि पॅट्रिक लेडलॉ यांनी दाखवलं की, हिस्टॅमिन नावाचं द्रव्य प्राण्याला टोचलं की जवळजवळ तसाच देखावा दिसतो : रक्तदाब उतरतो, श्वासनलिका आवळतात. पण हे हिस्टॅमिन शरीरात राहतं कुठं?

१९३७ साली स्वीडनच्या होल्मग्रेन आणि विलँडर यांनी मास्ट पेशींच्या दाण्यांत हेपॅरिन असल्याचं दाखवलं. हेपॅरिन म्हणजे रक्त गोठू न देणारं द्रव्य. आणि १९५३ साली स्कॉटलंडमधल्या डंडी गावी जेम्स रायली आणि जेफ्री वेस्ट या जोडीनं हिस्टॅमिनचा पत्ता काढला. त्यांची रीत मोठी सरळ होती. ज्या ऊतीत मास्ट पेशी पुष्कळ, तिथं हिस्टॅमिन मोजायचं. जिथं थोड्या, तिथंही मोजायचं. पेशी वाढल्या तिथं हिस्टॅमिन वाढलेलं, पेशी घटल्या तिथं ते घटलेलं. एर्लिख यांच्या ‘पोसलेल्या’ पेशीच्या पोटात काय आहे, ते अखेर कळलं. त्या दोन वर्षांच्या मुलीची गांध, रिशे यांची कुत्री आणि गांधीलमाशीच्या दंशानं कोसळणारा माणूस, तिघंही एका दोरीत ओवले गेले.

आता तुम्ही म्हणाल, झालं तर! रक्तातलं हिस्टॅमिन मोजावं आणि निदान करावं. अडचण अशी की, हिस्टॅमिन रक्तात काही मिनिटंच टिकतं. रोगी इस्पितळात पोचेतो ते नाहीसं झालेलं असतं. तपासणी निर्दोष येते, आणि रोग्याच्या सांगण्यावर कुणाचा भरवसा बसत नाही. कित्येकांना ‘मनाचे खेळ’ हे उत्तर याच कारणानं ऐकावं लागलं. ही कोंडी १९८०च्या दशकात फुटली. अमेरिकेत लॉरेन्स श्वार्ट्‌झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मास्ट पेशीतलं ट्रिप्टेज नावाचं दुसरं द्रव्य वेगळं केलं आणि ते रक्तात मोजण्याची रीत बसवली. हे द्रव्य काही तास रक्तात राहतं. झटका आल्यापासून साधारण एक ते चार तासांत रक्त घ्यायचं, आणि मग रोगी बरा झाल्यावर, एक दिवस उलटून गेल्यावर, पुन्हा घ्यायचं. दोन आकड्यांची तुलना करायची. नेहमीच्या आकड्यात त्याचा पाचवा हिस्सा आणि वर दोन मिळवायचे. झटक्याच्या वेळचा आकडा तेवढा किंवा जास्त असेल, तर मास्ट पेशींनीच दाणे फेकले असं धरतात. म्हणजे नेहमीचा आकडा पाच असेल, तर झटक्याच्या वेळी आठ किंवा अधिक हवा. पाहा, इथंही तीच गोष्ट : वेळेवर विचारलं तर उत्तर मिळतं, दुसऱ्या दिवशी विचारलं तर नाही.

मास्ट पेशी येतात कुठून, हाही एक जुना प्रश्न होता. त्या कातडीतच जन्मतात, असं पुष्कळांना वाटे. १९७७ साली जपानच्या युकिहिको कितामुरा यांनी उंदरांवर प्रयोग करून दाखवलं की त्यांचं मूळ हाडांच्या मज्जेत आहे. तेव्हा रोगाचं मूळही मज्जेतच पाहायला हवं, हे उघड झालं. १९९३ साली एका रोग्यापासून वाढवलेल्या मास्ट पेशींत, आणि १९९५ साली प्रत्यक्ष रोग्यांत, ‘किट’ नावाच्या जनुकात एक बारीकसा बदल सापडला. या जनुकानं घडणारं प्रथिन म्हणजे मास्ट पेशीच्या वाढीची जणू कळ. तिच्या लांब साखळीतला ८१६ क्रमांकाचा एकच दुवा बदलतो, आणि कळ दाबलेली ती दाबलेलीच राहते. पेशी जगत राहतात, साठत राहतात. प्रौढ रोग्यांपैकी बहुतेकांत हाच बदल आढळतो. तो सहसा आईबापांकडून आलेला नसतो, जन्मानंतर मज्जेतल्या एखाद्या पेशीत घडलेला असतो. तेव्हा हा आजार घराण्याचा दोष नव्हे, हे रोग्याच्या घरच्यांना मुद्दाम सांगायला हवं.

सन २००० मध्ये व्हिएन्ना इथं या विषयाचे जाणकार एकत्र जमले आणि निदानाचे नियम ठरले. जागतिक आरोग्य संघटनेनं २००१ साली ते स्वीकारले, आणि पुढे त्यांत थोडी भर पडली. थोडक्यात असे : मज्जेच्या तुकड्यात मास्ट पेशींचे दाट पुंजके, प्रत्येकात पंधरा किंवा अधिक पेशी, ही मोठी खूण. चार लहान खुणा : चौथाई हिश्शाहून जास्त पेशी चातीसारख्या लांबट किंवा वेड्यावाकड्या, किट जनुकातला बदल, पेशीच्या अंगावर एरवी नसणारी ठरावीक प्रथिनं, आणि रक्तातलं ट्रिप्टेज कायम वीसच्या वर. मोठी खूण आणि एक लहान खूण, किंवा तीन लहान खुणा मिळाल्या, तर आजार शरीरात आत आहे असं म्हणावं. एरवी म्हणू नये.

हे ‘एरवी म्हणू नये’ फार महत्त्वाचं आहे बरं का. पित्त उठतं, चेहरा लाल होतो, पोट बिघडतं, अशी माणसं लाखो असतील. त्या सर्वांना हा आजार नाही. २०१६ साली असंही दिसून आलं की, काही घराण्यांत ट्रिप्टेजच्या जनुकाच्या जादा प्रती असतात, आणि त्यामुळं आकडा जन्मापासूनच चढा असतो. म्हणून नुसत्या एका आकड्यावर शिक्का मारणं धोक्याचं. चुकलेलं निदान जसं रोग्याला छळतं, तसं चिकटवलेलं निदानही छळतं.

मग संशय घ्यावा तरी केव्हा? तपकिरी डाग असून ते घासल्यावर फुगत असतील, तर वाट सोपी आहे. कठीण जातात ती डाग नसलेली माणसं. मधमाशी किंवा गांधीलमाशी चावल्यावर अंगावर गांधी न उठता, खाज न सुटता, एकदम भोवळ येऊन रक्तदाब उतरला, तर ती मोठी सूचना समजावी. स्पेनमधल्या डॉक्टरांनी २०१० साली याच अनुभवावरून गुणांचा एक तक्ता केला. रोगी पुरुष असणं, शुद्ध हरपणं, गांधी नसणं आणि ट्रिप्टेज चढं असणं, यांना त्यात गुण दिले आहेत. गांधी नाहीत म्हणून ॲलर्जी नाही, असा सर्वसाधारण समज. इथं गांधी नसणं हीच खूण. तरुण माणसाची हाडं कारण नसताना ठिसूळ होऊन मोडू लागली, तरी या पेशींची आठवण व्हावी. आणि मज्जेचा तुकडा प्रयोगशाळेत धाडताना कशाचा संशय आहे ते डॉक्टरांनी लिहून धाडावं. नेहमीच्या रंगात ही पेशी लपते, हे उन्ना यांच्या दिवसांइतकंच आजही खरं आहे.

निदान होऊन काय हाती लागतं? पुष्कळच. लहान मुलांत आजार बहुधा कातडीपुरताच राहतो आणि वयात येईपर्यंत अनेकांचा ओसरतो. तेव्हा आईबापांची झोप परत मिळते. प्रौढांत तो सहसा जात नाही, पण बहुतेकांत तो सौम्य असतो आणि सांभाळता येतो. हिस्टॅमिनला आवर घालणाऱ्या गोळ्या आहेत; झटक्यासाठी ॲड्रेनॅलिनची सुई जवळ ठेवता येते; शस्त्रक्रियेपूर्वी भूल देणाऱ्याला आधी सांगता येतं, कारण काही वेदनाशामक आणि भुलीच्या वेळची काही औषधं या पेशींना चेतवतात. आजाराच्या उग्र प्रकारांवर २०१७ साली मिडोस्टॉरिन आणि २०२१ साली ॲव्हाप्रिटिनिब ही, त्या दाबल्या गेलेल्या कळीवरच काम करणारी औषधं अमेरिकेत मान्य झाली. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे, मधमाशी चावून कोसळणारा माणूस दुसऱ्या खेपेला बेसावध राहत नाही.

वाचकहो, आपल्यापैकी फारच थोड्यांना हा आजार कधी जवळून पाहावा लागेल. तरी एक सवय सर्वांनाच लावून घेता येईल. अंगावर काही उठलं, घेरी आली, तर ते केव्हा आलं, त्याआधी काय खाल्लं, काय चावलं, कोणतं औषध घेतलं, डाग राहिला की गेला, हे तारखेसह वहीत टिपून ठेवावं, आणि डॉक्टरांपुढं सारी वही ठेवावी. पोटाचं दुखणं एकाला, कातडीचं दुसऱ्याला, असं वाटून सांगू नये. १८६९ साली त्या दोन डॉक्टरांनी ‘डाग जात नाही’ एवढंच टिपलं होतं. पुढचं सारं त्या एका नोंदीवर उभं राहिलं.